मनीऑर्डरवर जगणारी लोकशाही

वॉशिंग्टनच्या तिजोरीला कुलूप लागले आणि शंभर देशांतल्या लोकशाहीला धाप लागली, असा चमत्कार २०२५ साली जगाने पाहिला. २० जानेवारीला डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी परदेशांना द्यावयाची मदत नव्वद दिवस रोखून धरणाऱ्या हुकमावर सही केली. काही आठवड्यांतच ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ या संस्थेचा पैसा अडकला. ही संस्था अमेरिकी संसदेने मंजूर केलेल्या पैशावर चालते आणि शंभराहून अधिक देशांतील नागरी संघटना, वृत्तपत्रे, कामगार संघ, मानवी हक्क समित्या यांना दरवर्षी सुमारे दोन हजार अनुदाने वाटते. अलीकडच्या वर्षांत तिचा वार्षिक निधी सुमारे ३१.५ कोटी डॉलरांवर गेला होता. मार्चमध्ये या संस्थेला स्वतःच्याच सरकारविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि ऑगस्टमध्ये तिला न्यायालयाकडून अंतरिम दिलासा मिळाला. तोवर देशोदेशींच्या अनुदानित संस्थांनी माणसे कमी केली होती, कचेऱ्यांना टाळी लावली होती. दरम्यान १ जुलैला ‘यूएसएड’ ही अमेरिकेची थोरली मदत-यंत्रणाच मोडीत निघाली.

आपल्या गोटात यावर दोन सूर उमटले. एक सूर आनंदाचा: साम्राज्यशाहीच्या हातातले एक हत्यार गळून पडले, बरे झाले. दुसरा हळहळीचा, आणि तो प्रामुख्याने आपल्या तरुण साथींचा: हुकूमशहांशी झुंजणाऱ्या माणसांच्या ताटातली भाकरी काढून घेतली गेली, यात आनंद कसला? शिवाय, हे साथी विचारतात, चळवळीला पैसा लागतोच. तो एखाद्या कारखानदाराच्या मागल्या दाराने घेण्याऐवजी एका देशाच्या संसदेने उघडपणे मंजूर केलेल्या रकमेतून घेतला तर बिघडले कोठे? पैशाला का कुठे रंग असतो?

पहिल्या सुरातला आनंद उथळ आहे. त्याचा समाचार पुढे घेऊ. दुसऱ्या सुरातली कळकळ मात्र खरी आहे आणि म्हणूनच तिला सविस्तर उत्तर देणे प्राप्त आहे.

एकेकाळी कोकणातली कितीतरी घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चुलीही थंडावल्या. परंतु ती मनीऑर्डर घरच्याच माणसाच्या घामाची होती. ती पाठवणारा गणपतीला घरी येई, कौले बदलली की नाहीत ते विचारी आणि घरच्यांचे चार शब्द ऐकूनही घेई. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे सुखदुःख एकाच चुलीशी बांधलेले होते. वॉशिंग्टनहून येणाऱ्या मनीऑर्डरला हे नाते नाही. ती का येते, केव्हा येते आणि कोणत्या घराकडे वळते, हे पाहायचे तर जन्मकुंडलीपासून आरंभ केला पाहिजे.

८ जून १९८२ रोजी अध्यक्ष रेगन यांनी ब्रिटिश संसदेपुढे भाषण करून जगभर लोकशाहीची पायाभरणी करण्याचा संकल्प सोडला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, या संस्थेचा जन्म झाला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २५ ऑक्टोबरला, याच रेगनसाहेबांनी सुमारे लाखभर वस्तीच्या ग्रेनाडा बेटावर फौजा उतरवल्या होत्या! पहिल्या वर्षी १.८ कोटी डॉलर मिळाले. संस्थेचे हात चार: एक डेमोक्रॅटिक पक्षाशी निगडित, एक रिपब्लिकन पक्षाशी निगडित, एक अमेरिकी कामगार महासंघाचा आणि चौथा थेट अमेरिकी व्यापारी-उद्योगपतींच्या चेंबर ऑफ कॉमर्सचा. लोकशाहीच्या प्रसाराला चेंबर ऑफ कॉमर्सचा हात कशाला लागतो, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने पुढचा मजकूर वाचला नाही तरी चालेल. ज्या लोकशाहीत खाजगी मालमत्तेला हात लागणार नाही तीच खरी लोकशाही, ही व्याख्या संस्थेच्या घटनेच्या शाईतच कालवलेली आहे.

या संस्थेच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता त्या ॲलन वाइनस्टाइन यांनी १९९१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’पाशी एक कबुली देऊन ठेवली. आम्ही आज जे करतो त्यातले बरेचसे पंचवीस वर्षांपूर्वी सीआयए गुपचूप करीत असे, असा तिचा आशय होता. कबुली प्रांजळ खरी, आणि ती ऐकून आपल्याला तर विशेष धक्का बसण्याचे कारण नाही. त्या गुपचूप काळाचा अनुभव आपल्या घरात आहे. मार्च १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या नावाने परिषद भरली. जयप्रकाशजी, अशोक मेहता, मिनू मसानी तिच्यात सहभागी झाले. ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छायेत ती भरली होती तिचा पैसा सीआयएचा होता, हे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले. जयप्रकाशजींना याची कल्पना होती असे म्हणायला कोणताही आधार नाही. स्टालिनशाहीला त्यांचा विरोध स्वतःच्या विचारातून आलेला होता आणि एका दमडीशिवायही तो तितकाच प्रखर राहिला असता. पण पुढे बिहारचे आंदोलन उभे राहिले तेव्हा त्यांना अमेरिकेचे हस्तक म्हणणाऱ्यांच्या तोंडी हे आयते कोलीत मिळाले. निष्कलंक माणसालाही दुसऱ्याच्या थैलीची काजळी लागते, ती अशी.

आता हे सर्व उघडपणे होते, अहवाल छापले जातात, रकमा जाहीर होतात, म्हणून दोष धुऊन निघाला काय? उघडपणा हा गुण आहे, त्याचे श्रेय द्यावे. पण उघडपणे टाकलेल्या वजनाने तराजू झुकत नाही असे थोडेच आहे!

निकाराग्वाची हकीगत पाहा. मध्य अमेरिकेतला हा चिमुकला देश. १९ जुलै १९७९ रोजी सॅन्डिनिस्टा क्रांतिकारकांनी सोमोझा घराण्याची चार दशकांची सत्ता उलथून टाकली. पुढच्याच वर्षी हजारो विद्यार्थी पाटी-पेन्सिल घेऊन खेडोपाडी गेले आणि निम्म्या निरक्षर देशाला त्यांनी काही महिन्यांत अक्षरे शिकवली. अमेरिकेला हे खपले नाही. ‘कॉन्ट्रा’ नावाच्या भाडोत्री टोळ्यांना शस्त्रे मिळाली, १९८४ मध्ये बंदरांत सुरुंग पेरले गेले, १९८५ मध्ये व्यापारबंदी लादली गेली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी अमेरिकेला दोषी ठरवून भरपाईचा आदेश दिला. अमेरिकेने तो केराच्या टोपलीत टाकला. दहा वर्षांच्या युद्धात हजारो माणसे मेली, शेती उद्ध्वस्त झाली, चलन कागदाच्या मोलाचे झाले.

आणि मग, लोकांचे कंबरडे पुरते मोडल्यावर, लोकशाहीचा पुळका आला. फेब्रुवारी १९९० च्या निवडणुकीसाठी अमेरिकी संसदेने ९० लाख डॉलर मंजूर केले आणि ते वाटण्याचे काम मुख्यत्वे या एन्डाउमेंटकडे सोपवले. काही भाग तेथील निवडणूक यंत्रणेलाही गेला, हे नमूद केले पाहिजे. परंतु मुख्य लाभार्थी होती श्रीमती व्हायोलेटा चामोरो यांच्या नेतृत्वाखालील विरोधी आघाडी. त्या देशाची तेव्हाची लोकसंख्या चाळीस लाखांहूनही कमी. म्हणजे माणशी सव्वादोन डॉलरांहून अधिक! हेच प्रमाण अमेरिकेच्या तेव्हाच्या पंचवीस कोटी लोकसंख्येला लावले तर रक्कम सुमारे साठ कोटी डॉलरांच्या घरात जाते. एखाद्या परकी सरकारने अमेरिकेच्या निवडणुकीत साठ कोटी ओतले असते तर काय झाले असते? कल्पना करण्याची गरजच नाही. अमेरिकेच्या निवडणुकीत परकीयांनी एक डॉलर देणेसुद्धा तेथल्या कायद्याने गुन्हा आहे. जे आपल्या अंगणात विष, तेच दुसऱ्याच्या अंगणात तीर्थ!

थैलीच्या जोडीला धमकीही होती. नोव्हेंबर १९८९ मध्ये अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की चामोरोबाई निवडून आल्या तर व्यापारबंदी उठेल. दुसऱ्या बाजूने निवडून आल्यास काय, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. ते दहा वर्षे सांगून झाले होते. चामोरो निवडून आल्या. मतदान गुप्त होते, मोजणी चोख होती, आणि सॅन्डिनिस्टांनी पराभव मान्य करून सत्ता सोडली. १९९१ मध्ये नव्या सरकारने हेगच्या न्यायालयातला भरपाईचा दावा मागे घेतला. ९० लाखांत एवढा मोठा खटला मिटला, सौदा महाग पडला असे कोण म्हणेल?

वाचकाला वाटेल, ही शीतयुद्धातली जुनी कहाणी झाली. तसे नाही. एप्रिल २००२ मध्ये व्हेनेझुएलात ह्यूगो चावेझ यांच्या निवडून आलेल्या सरकारविरुद्ध लष्करी बंड झाले. ज्या कामगार महासंघाने त्या बंडाआधीचे बंद घडवून आणले त्याच्याशी संबंधित कामाला एन्डाउमेंटच्या कामगार शाखेमार्फत पैसा जात होता. बंड झाल्याबरोबर तिच्या रिपब्लिकन शाखेच्या अध्यक्षांनी त्याचे जाहीर स्वागतही करून टाकले! दोन दिवसांत गरीब वस्त्यांतली माणसे रस्त्यावर आली, बंड कोसळले आणि मग वॉशिंग्टनमध्ये कानांवर हात ठेवण्याची घाई झाली. फ्रान्समध्ये तर हुकूमशाहीही नव्हती. होते ते मित्तराँ यांचे समाजवादी सरकार. तरी तेथल्या उजव्या विद्यार्थी-प्राध्यापक संघटनेला एन्डाउमेंटच्या कामगार शाखेकडून पाच लाखांहून अधिक डॉलर गेल्याचे १९८५ मध्ये ‘लिबेरास्याँ’ने चव्हाट्यावर आणले. पॅरिसला लोकशाही शिकवण्याची गरज कोणाला भासली होती बरे?

यावर आपले तरुण साथी चिलीचे उदाहरण देतात आणि ते योग्य उदाहरण आहे. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात पिनोशेला ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला एन्डाउमेंटचा पैसा उभा होता. त्या ‘नाही’चा आपल्यालाही आनंद झाला. मात्र त्याच पिनोशेचा मार्ग मोकळा करण्यासाठी १९७० पासून अयेंदे सरकारची नाकेबंदी कोणी केली, हे अमेरिकी सिनेटच्याच चौकशी समितीने १९७५ मध्ये लिहून ठेवले आहे. पंधरा वर्षे वापरून झाल्यावर जुनी चप्पल फेकून देणाऱ्याला आपण अपरिग्रही म्हणत नाही. चिलीत पिनोशे हरला तो खाणकामगारांच्या, झोपडपट्ट्यांतल्या बायांच्या आणि बेपत्ता केल्या गेलेल्यांच्या आयांच्या पंधरा वर्षांच्या हट्टामुळे. पैसा शेवटच्या वर्षी आला.

तेव्हा पैशाला रंग असतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर एवढेच की पैशाला मालक असतो. त्या मालकाला अहवाल लागतो. अहवालाला ठराविक रकाने लागतात आणि हळूहळू संघटनेचे काम त्या रकान्यांच्या मापाचे होऊ लागते. निवडणूक-निरीक्षण, पत्रकारांचे प्रशिक्षण, नागरी सहभाग ही कामे निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण कसेल त्याची जमीन, किमान वेतन, पाण्याचे समान वाटप, खाजगीकरणाला विरोध यांना त्या रकान्यांत जागा कोठे असते? आपल्या महाराष्ट्रातही देणगीदारांच्या पैशाने हे स्थित्यंतर घडलेले आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पूर्णवेळ कार्यकर्त्याचा प्रकल्प-अधिकारी झाला, मोर्चाची कार्यशाळा झाली, आणि ज्याच्या हक्कासाठी लढायचे तो माणूस ‘लाभार्थी’ झाला. यांत अप्रामाणिक माणसे थोडी होती. बहुतेक भली होती आणि आहेत. पण भल्या माणसाचाही चेहरा हळूहळू पगाराच्या दिशेने वळतो. संघटनेचे सभासद वर्गणी देत असतील तर सभेत उठून ते कार्यवाहाला जाब विचारतात, प्रसंगी हाकलतातही. पैसा समुद्रापलीकडून येत असेल तर सभासदांची गरज उरते ती केवळ छायाचित्रापुरती. जी संघटना आपल्या सभासदांना उत्तर देत नाही तिने देशाला लोकशाही शिकवावी, हा विनोद आहे. आणि २०२५ ने दाखवून दिले की एका माणसाच्या एका सहीने ती संघटना विझूही शकते.

आता पहिल्या सुराकडे वळतो. ट्रम्पसाहेबांनी साम्राज्यशाहीचा हात तोडला, म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी निकाराग्वाच्या गोष्टीचा उत्तरार्धही ऐकावा.

सॅन्डिनिस्टांचे नेते डॅनियल ऑर्टेगा २००७ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले. ते खुर्चीवरून उठलेच नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या सरकारने सामाजिक विम्याची वर्गणी वाढवून निवृत्तिवेतनाला कात्री लावली. म्हातारे पेन्शनर आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. सरकारने गोळ्या घातल्या. तीनशेहून अधिक माणसे मेली. मग ऑक्टोबर २०२० मध्ये ‘परकी हस्तकां’विषयीचा कायदा आला: परदेशी पैसा घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला परकी हस्तक म्हणून नोंदवून घ्यावे. चामोरोबाईंच्या कन्या क्रिस्टियाना चालवीत असलेल्या प्रतिष्ठानाला अमेरिकी मदत मिळत होती. २०२१ च्या निवडणुकीत त्या उमेदवार होऊ पाहताच त्याच पैशावरून त्यांच्यावर आरोप ठेवून त्यांना घरात कोंडण्यात आले. अनुदानाने सत्ताधाऱ्याच्या हाती सोटा दिला, आणि तो पहिल्याने अनुदान घेणारीच्याच पाठीत बसला.

पण सोटा तेथे थांबला नाही, आणि आपण समाजवाद्यांनी अंतर्मुख व्हावे असा भाग तो हाच. ह्यूगो टोरेस हे सॅन्डिनिस्टांचे जुने लढवय्ये. डिसेंबर १९७४ मध्ये जिवावर उदार होऊन त्यांनी ज्या धाडीत भाग घेतला, त्या धाडीमुळे सोमोझाच्या तुरुंगातून जे कैदी सुटले त्यांत ऑर्टेगा होते. त्याच ऑर्टेगांनी जून २०२१ मध्ये टोरेस यांना तुरुंगात टाकले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते कैदेतच वारले. १९७८ मध्ये मानाग्वाचा राष्ट्रीय प्रासाद ताब्यात घेणाऱ्या पथकातल्या आणि क्रांतीनंतर आरोग्यमंत्री झालेल्या दोरा मारिया तेयेस यांनाही तेव्हाच अटक झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोनशे बावीस कैद्यांना विमानात बसवून देशाबाहेर काढण्यात आले त्यांत त्याही होत्या, आणि सगळ्यांचे नागरिकत्व हिरावून घेण्यात आले. आरोप काय, तर देशाच्या सार्वभौमत्वाला बाधा! १९ ऑगस्ट २०२४ या एका दिवसात पंधराशे संस्था बंद करण्यात आल्या. २०१८ पासूनची बेरीज पाच हजारांवर गेली. त्यांत धार्मिक मंडळे होती, क्रीडामंडळे होती, माजी सैनिकांच्या संघटना होत्या. रेडक्रॉससुद्धा २०२३ मध्ये सुटली नव्हती. हे सर्व साम्राज्यशाही-विरोधाच्या घोषणा देत चालले होते. त्या घोषणांना भुलून ज्या डाव्यांनी मौन पाळले त्यांनी टोरेस यांच्या मरणाकडे पाठ फिरवली.

आपल्या देशात हा ‘विदेशी हात’ नवा नाही. इंदिराबाईंच्या भाषणांत तो अधूनमधून डोकावत असे आणि आणीबाणीत तर सगळीकडेच दिसू लागला. मधू लिमये, मधू दंडवते, मृणाल गोरे तुरुंगात डांबले गेले, त्या १९७५ ते ७७ च्या काळातच, १९७६ मध्ये, विदेशी देणग्यांच्या नियमनाचा पहिला कायदा झाला. पुढे सत्तेवर परतल्यावर त्यांनी १९८२ मध्ये न्यायमूर्ती कुदाल यांचा चौकशी आयोग नेमून गांधी शांती प्रतिष्ठानसारख्या, जयप्रकाशजींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्थांच्या मागे तो लावला. गंमत अशी की अमेरिकेचे दिल्लीतील माजी राजदूत मॉयनिहान यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहिले की केरळ आणि पश्चिम बंगालमधल्या कम्युनिस्टांना रोखण्यासाठी अमेरिकेने दोनदा काँग्रेस पक्षाला पैसा पुरवला होता आणि एकदा तो स्वतः इंदिराबाईंच्या हाती दिला गेला. त्यांनी इन्कार केला. आपण त्या वादाचा निवाडा करू शकत नाही. पण विदेशी हाताची भीती घालणाऱ्याच्या स्वतःच्या खिशाची झडती कोणी घेत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आजचे राज्यकर्ते या कलेत पुढे गेले आहेत. २०१० चा नवा कायदा काँग्रेस-आघाडीने केला, २०२० मध्ये मोदी सरकारने त्याचे फास आवळले. विदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरली पाहिजे, एका संस्थेने दुसरीला त्यातून काही देता कामा नये, कचेरीखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर! मुंबईच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ची नोंदणी २०१६ मध्येच गेली होती, ‘ॲम्नेस्टी’ने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातले काम गुंडाळले. वीस हजारांहून अधिक संस्थांच्या नोंदण्या आजवर रद्द झाल्या. त्यांतल्या अनेकांनी वर्षानुवर्षे हिशेब दिले नव्हते हेही खरे. परंतु हिशेबाची ही कडक शिस्त राजकीय पक्षांना मात्र लागू नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही विदेशी कंपनीशी संबंधित देणग्या घेऊन कायदा मोडल्याबद्दल दोषी धरले. मग काय झाले? २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून कायद्याची व्याख्याच बदलली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पासून! दोन्ही सभागृहांत यावर धड चर्चाही झाली नाही. पाठोपाठ निवडणूक रोखे आले. कोणी किती दिले हे मतदाराला कळू न देणारी ती व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवीपर्यंत चालली. आदिवासींच्या पाड्यावर रात्रशाळा चालवणाऱ्याने एकेका पैचा हिशेब गृहखात्याला द्यावा, आणि देश चालवणाऱ्यांनी शेकडो कोटी बुरख्याआड घ्यावेत, ही यांची राष्ट्रभक्ती.

फेब्रुवारी २०२५ मधला तमाशा ताजा आहे. भारतातील मतदान वाढवण्यासाठी अमेरिकेने २.१ कोटी डॉलर दिल्याची आवई वॉशिंग्टनहून उठली. ट्रम्प यांनी ती वारंवार घोळली आणि सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते तिच्यावर तुटून पडले. आठवडाभरात ‘इंडियन एक्स्प्रेस’ने कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले की ती रक्कम बांगलादेशाकरिता होती. ऑगस्टमध्ये अमेरिकी वकिलातीच्या हवाल्याने सरकारलाच राज्यसभेत सांगावे लागले की भारतातल्या मतदानासाठी असा पैसा आलाच नव्हता. तोवर किती प्रामाणिक मतदार-जागृती मंडळांवर शिंतोडे उडाले, त्याचा हिशेब कोणी दिला?

सारांशाने कोणी विचारील की मग आंतरराष्ट्रीय बंधुत्वाचे काय? १९२८ च्या गिरणी संपात रशियातल्या कामगार संघटनांकडून मुंबईला मदत आली होती आणि इंग्रज सरकारने तेव्हाही ‘मॉस्कोचा हात’ म्हणून गहजब केला होता. संपकऱ्यांच्या पोरांच्या तोंडात गेलेल्या त्या घासाची आपण निंदा करणार नाही. पण त्या संघटना सोव्हिएत सरकारच्या खिशातल्या होत्या आणि मॉस्कोच्या पैशाबरोबर मॉस्कोची पोथीही येते, हे आपल्या पक्षाने कम्युनिस्ट मित्रांना पन्नास वर्षे ऐकवले आहे. तोच न्याय वॉशिंग्टनला लावायचा. एका देशाच्या कामगारांनी दुसऱ्या देशातील संपाला आपल्या रोजीतून दिलेली मदत वेगळी आणि एका सरकारने आपल्या परराष्ट्र धोरणाच्या सोयीने वाटलेला निधी वेगळा. फरक बारीक आहे. प्रत्येक प्रसंगी तो तपासावा लागेल आणि तो तपासण्याचा कंटाळा करून चालणार नाही.

पैसा आणायचा कोठून? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी फार लांब जाऊ नये. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली ती पाठीवर पोती वाहणाऱ्यांच्या वर्गणीवर, आणि तिच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रांना कोणा परकी संसदेची मंजुरी लागली नाही. महागाईविरोधी लाटणे मोर्चांत १९७२ नंतर ज्या हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या त्यांना प्रवासभत्ता कोणी दिला होता? ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले प्रभृती नटमंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून जो सामाजिक कृतज्ञता निधी जमवला, त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. ती रक्कम मोठी नव्हती. पण तिकीट काढून नाटकाला आलेल्या शिक्षकाला, कारकुनाला, नर्सबाईला ठाऊक होते की आपले चार रुपये कोणत्या माणसाच्या घरी जाणार आहेत. आणि ज्याच्या घरी ते जात त्यालाही ठाऊक होते की आपण कोणाचे ऋणी आहोत.

पक्षाच्या राज्य कार्यकारिणीपुढे म्हणून दोन गोष्टी एकत्रच याव्यात, सुट्या नव्हेत. पक्षाशी संलग्न कोणत्याही संघटनेने परकी सरकारच्या अथवा त्या सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या अनुदानाला हात लावू नये. आणि २०२० ची दुरुस्ती रद्द व्हावी, राजकीय पक्षांना पूर्वलक्षी अभय देणारी तरतूद जावी, यासाठी पक्षाने ज्यांच्याशी आपले पटत नाही अशा संस्थांच्याही बाजूने उभे राहावे. पहिल्या कलमामुळे काही चांगल्या साथींची अडचण होईल, दोन-तीन केंद्रे कदाचित बंद पडतील. ती चालू ठेवायची असतील तर सभासद-वर्गणीचा आणि साप्ताहिकाच्या वर्गणीदारांचा विषय त्याच बैठकीत घ्यावा लागेल, आणि जिल्हा शाखांनी आपले गेल्या वर्षीचे जमाखर्च बैठकीआधी येथे पाठवावेत, म्हणजे ते छापता येतील. ज्या साथींना हे मान्य नसेल त्यांनी आपले म्हणणे याच पानावर मांडावे.